ब्रेकचा वास

मुल्ला मास्तरांनी आमच्याकडे चहाला नको म्हटलं, असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं.

"राहू दे वैजू, घेऊन आलोय," म्हणाले आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकले. एरवी हा माणूस फाटकातूनच "साखर बेताची गं" असं ओरडत येणारा. माझे वडील, अण्णा, एस.टी.त ड्रायव्हर होते आणि मास्तर त्यांचे कंडक्टर. चिपळूणच्या गाडीवर या दोघांची जोडी इतकी वर्षं टिकली की आगारात त्यांना नवराबायको म्हणत. निवृत्त झाल्यावरही मास्तर आठवड्यातून एकदा तरी येत, चहा घेत, अण्णांशी कशावरून तरी भांडत आणि दुसरा चहा घेऊन जात.

त्या दिवशी त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी नसीम होती. ती तर बसलीच नाही.

"अण्णा आहेत?" तिनं विचारलं.

"पूजा करतायत. येतील आता. काय झालं?"

"तुमच्या व्हिडिओनं माझं काम घालवलं, ते झालं."

"नसीम," मास्तर म्हणाले, "आवाज खाली."

तो व्हिडिओ काय होता ते आधी सांगते. कराडात माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, सत्कार, जे येईल ते मी शूट करायची. आई गेली, अण्णा निवृत्त झाले, आणि दिवसभर ओट्यावर बसून समोरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला शिव्या घालू लागले. हा क्लच बघ कसा सोडतोय, ही गाडी आहे की पाळणा, असं सगळं. शेवटी वैतागून मी म्हटलं, घालायच्याच आहेत शिव्या तर कॅमेऱ्यासमोर घाला. त्यातून आमचं 'घाटपास' सुरू झालं. नवीन गाडी मिळवायची, पाटण-कोयनानगरच्या वाटेनं कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचं, घाट चढून परत यायचं. निघताना टाकी फुल्ल करायची, आल्यावर पुन्हा फुल्ल, म्हणजे मायलेज कळायचं. आणि शेवटी अण्णांनी बॉनेटवर थाप मारून 'पास' नाहीतर 'नापास' म्हणायचं. एवढंच. पण अण्णांची जीभ अशी की लोक वेडे झाले. सांगलीत गेलो काय, रत्नागिरीत गेलो काय, लोक येऊन पाया पडायचे. गाडी बुक करायच्या आधी माणसं आम्हांला फोन करायची, पत्रिका दाखवल्यासारखी.

त्या वर्षी हायब्रिडला नावं ठेवायची साथच आली होती. थोडी पेट्रोलवर, थोडी विजेवर चालणारी ही गाडी. पेपरांच्या पुरवण्या, मोठ्या शहरांतले मोठे चॅनेल, सगळ्यांचा एकच सूर. दोन यंत्रं म्हणजे दुप्पट कटकट, बॅटरीनं डिकी खाल्ली, हायवेला काही फायदा नाही, धड पेट्रोलची नाही, धड विजेची नाही. अण्णांनी शोरूमची एक गाडी घाटातून फिरवून आणली आणि या सगळ्यांवर कडी केली.

"ही गाडी म्हंजे दोन बायकांचा दादला हाय," ते कॅमेऱ्यात बघून म्हणाले. "हिच्याकडं जेवतोय, तिच्याकडं झोपतोय, आनि कामाला म्हनशीला तर कुनाच्याच उपेगाचा न्हाई."

मायलेज साध्या पेट्रोल गाडीहूनही कमी भरलं होतं. शिवाय घाट उतरून पोफळीला थांबलो तर चाकांना करपट वास येत होता. अण्णांनी खाली वाकून, नाक मुरडून तो वास घेतला आणि जाहीर केलं, "घाटात ब्रेक तापतोय. नापास!" आमचा सगळ्यांत जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ तोच. व्हिडिओ कापता-जोडताना मी पण पोट धरून हसले होते.

आणि नसीमकडे तीच गाडी होती. पाटणच्या खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवरचे डायलिसिसचे पेशंट ती कराडच्या एका दवाखान्यात घेऊन यायची, संध्याकाळी परत सोडायची. नवरा गेल्यावर तिनं हे काम स्वतः उभं केलं होतं. दवाखाना आता तिला ते कायमचं देणार होता, चिपळूणकडच्या पेशंटांसकट. बोलणी झाली होती, सोमवारी सही व्हायची होती. तेवढ्यात कुणीतरी तिथल्या मोठ्या डॉक्टरांना अण्णांचा व्हिडिओ दाखवला.

"ते म्हणाले, नसीमताई, तुमच्याबद्दल शंका नाही. पण ब्रेक तापणाऱ्या गाडीत मी पेशंट बसवून घाट कसा उतरवू?" नसीम सांगत होती. "मी काय उत्तर देणार? अण्णा डुबलांच्या पुढं माझं कोण ऐकणार?"

अण्णा आतून आले. कपाळाला गंध, खांद्यावर टॉवेल. मास्तरांना बघून त्यांचा चेहरा फुलला.

"मास्तर! आगं वैजे, चा टाकला का?"

"नको म्हणालेत ते," मी म्हटलं.

अण्णांनी मास्तरांकडं बघितलं, मग नसीमकडं. पुढचं सगळं नसीमनं सांगितलं. अण्णा ऐकत गेले तसतसा त्यांचा टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जात राहिला. चुकलं असं कुणी म्हटलं की त्यांचं असंच व्हायचं.

"हे बग नसीम," ते म्हणाले, "म्या माज्या नाकानं वास घेतलाय. आता तुज्यासाटी खोटं बोलू?"

"खोटं नका बोलू. डिकी लहान आहे म्हणालात, खरंय. व्हीलचेअर ठेवताना माझ्या नाकी नऊ येतात. महाग आहे म्हणालात, तेही खरंय, हप्ते मीच भरतेय. पण ब्रेकचा वास? मी तोच घाट कितीदा उतरलेय अण्णा. माझ्या गाडीला कधी वास आला नाही."

"तू हळू चालवत असशील. बाईमानूस."

"मग तुम्ही चालवा," नसीम म्हणाली. "माझी गाडी बाहेर उभी आहे. आत्ता चला. वास आला तर मी स्वतः डॉक्टरांना सांगते, अण्णांचं बरोबर आहे म्हणून. नाही आला तर तुम्ही सांगायचं."

अण्णांना अशी भाषा आवडायची. पण ते लगेच हो म्हणाले नाहीत. "मास्तर, तुमचं काय म्हननं?" त्यांनी विचारलं.

मास्तर भिंतीकडं बघत होते. भिंतीवर आईच्या फोटोशेजारी अण्णांची ढाल होती. डिझेल बचतीत आगारात पहिला आल्याची. डुबलांचा हात हलका, त्यांच्या गाडीला डिझेल लागतच नाही, असं सगळे म्हणायचे. मी शाळेत होते तेव्हा ती ढाल घरी आली, आणि आईनं गल्लीभर पेढे वाटले होते.

"माझं काय म्हणणं असणार?" मास्तर म्हणाले. "मी मागं बसणारा माणूस."

आम्ही निघालो. अण्णा स्टिअरिंगवर, शेजारी नसीम, मागं मास्तर आणि कॅमेरा घेऊन मी. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. इतकी वर्षं मी या दोघांना ऐकत आलेय, गप्प कधी बघितलं नव्हतं. मला त्या शांततेचा रागच यायला लागला. एवढं काय? एका गाडीवरून माणसं चहा सोडतात?

पाटणला बाजार होता. भाजीवाल्या, टेम्पो, मध्येच उभी केलेली एक म्हैस. गाडी मुंगीच्या पावलानं निघाली आणि इंजिनचा आवाज एकदम थांबला.

"बंद पडली काय?" अण्णा दचकले.

"नाही. विजेवर चाललीय. ॲक्सिलेटर तर द्या."

दिला तशी गाडी आवाज न करता पुढं सरकली. म्हैस तिथंच राहिली, कारण तिला गाडी आलेली कळलीच नाही. अण्णांना मग खिडकीतून तोंड बाहेर काढून "सरक गं बाय" म्हणावं लागलं. नसीम हसली, मी हसले. मास्तर हसले नाहीत.

"बाजारात बरी हाय," अण्णांनी कबूल केलं.

"म्हणून तर घेतली. माझं सगळं चालणं असंच. थांबा, पेशंट घ्या, पुन्हा थांबा. दवाखान्याबाहेर उभं राहा."

पुढं रस्ता मोकळा झाला. अण्णांनी वेग घेतला, इंजिन घरघरायला लागलं. "आनि हितं? हितं तुजा दुसरा संसार कुटं गेला?"

"इथं काही फायदा नाही," नसीम सरळ म्हणाली. "मोकळ्या रस्त्याला ही साध्या गाडीसारखीच. ते तुम्ही बरोबर बोलला होतात."

अण्णांनी मान डोलावली. त्यांना तिचं बोलणं पटायला लागलं होतं, पण वासाचा हट्ट सुटलेला नव्हता.

कोयनानगर मागं पडलं, हेळवाक गेलं आणि घाट सुरू झाला. या घाटात अण्णा बदलायचे. पाठ ताठ व्हायची, बोलणं थांबायचं. कुठं वळण आहे, कुठं वळणानंतर लगेच दुसरं वळण आहे, कुठं पावसाळ्यात दगड येतात, सगळं त्यांच्या हातांना पाठ. डावा हात गिअरवर कधी गेला आणि कधी परत आला, तेही कळायचं नाही. मी कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर धरला होता. काय सांगू, त्या चेहऱ्याचा मला फार अभिमान होता.

गाडी झरझर उतरत होती. अण्णा प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबत, सोडत, दाबत. निम्मा घाट उतरला असेल आणि तो वास आला. आधी बारीक, मग चांगलाच. करपलेल्या रबरासारखा.

"आला!" अण्णा जवळजवळ ओरडलेच. "आला का न्हाई? नसीम, आता बोल!"

नसीमचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं काच खाली केली, वास घेतला, पुन्हा वर केली. "असं कधी होत नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "खरंच कधी होत नाही अण्णा." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सोमवार गेला, हे तिला तिथंच कळलं असणार. मी कॅमेरा खाली घेतला. रडणाऱ्या बाईवर कॅमेरा धरायला मला जमत नाही.

मग तिची नजर समोरच्या पडद्यावर गेली. त्या पडद्यावर बाण दिसतात, वीज कुठून कुठं चाललीय ते दाखवणारे. एकही बाण हलत नव्हता. तिनं खाली गिअरकडं बघितलं.

"अण्णा, गाडी न्यूट्रलला आहे."

"मग? उताराला न्यूट्रलच आसतंय."

"का?"

"का म्हंजे? इंधन वाचतं. गाडी आपोआप पळती, इंजिनाला कशाला राबवायचं?"

"परवाच्या गाडीलाही असंच केलं होतं तुम्ही?"

"मग! सगळ्याच गाड्यांना करतो."

नसीमनं डोळे पुसले. "अण्णा, ही गाडी उतारावर कमाई करते. उतरताना चाकांकडून बॅटरी भरून घेते, आणि घेताना चाकं आपोआप आवळली जातात. म्हणून ब्रेक फारसा लागतच नाही. न्यूट्रल टाकलं की ते सगळं बंद. मग सगळा भार ब्रेकवर. तापणार नाही तर काय होईल? आणि तुम्ही रिकाम्या बॅटरीनं परत चढ चढलात. मायलेज कुठून येणार?"

अण्णांनी गिअर ओढला. पडद्यावरचा बाण चाकांकडून बॅटरीकडं पळायला लागला आणि गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी सावकाश झाली. पुढचं वळण अण्णांनी ब्रेकला नुसता पाय लावून काढलं. मला वाटलं, झालं, एवढंच होतं. चूक कळली, गंमत झाली, आता खाली जाऊन हसू.

तेवढ्यात मागच्या सीटवरून मास्तर बोलले. घरून निघाल्यापासून पहिल्यांदाच.

"हा वास माझ्या ओळखीचा हाय, हणमंतराव."

अण्णांनी आरशात बघितलं. पुढं रस्त्याकडेला कठड्यालगत मोकळी जागा होती, तिथं त्यांनी गाडी घेतली आणि उभी केली. चौघंही उतरलो. समोर घाटातली नेहमीची पाटी होती, न्यूट्रलमध्ये वाहन चालवू नये म्हणून सांगणारी. इतक्या वेळा त्या रस्त्यानं गेले, पण मी ती नीट वाचली त्या दिवशी.

"तुमाला ठावं हुतं?" अण्णांनी विचारलं.

"मागं बसून सगळं कळतं," मास्तर म्हणाले. "घाट लागला की इंजिनचा आवाज पडायचा. मग जरा वेळानं पायाखालनं हा वास. बायाबापड्या नाकाला पदर लावायच्या. म्हणायच्या, मास्तर, काय जळतंय? मी म्हणायचो, कुणीतरी जंगल पेटवलं असंल."

"मग मला कदी बोलला का न्हाई?"

"एकदा बोललो की. इथंच, वरच्या वळणावर. सिंगल बेल दिली हुती."

एस.टी.त एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. अण्णा कठड्याकडं बघत राहिले. "आटवतंय," ते म्हणाले. "म्या गाडी हुबी केली. मान वळवून इचारलं, काय मास्तर? तुमी म्हनला, येका बाईला मळमळतंय. आनि कुनीच उतरलं न्हाई."

"कोण उतरणार? मळमळत मला हुतं."

वाऱ्यानं मास्तरांची टोपी हलली, ती त्यांनी धरली. "त्या म्हैन्यात तुम्हाला ढाल मिळाली. वहिनी पेढे घेऊन आमच्या घरी आल्या. नसीम पाळण्यात हुती. मग कुठल्या तोंडानं बोलू? गाडी कधी घसरली न्हाई, कुणाला खरचटलं न्हाई. म्हटलं, जाऊ द्या, हात चांगला हाय माणसाचा. निवृत्त झालो तेव्हा शुक्राना म्हणून नमाज पढलो. आणि परवा तुमचा व्हिडिओ बघितला. तुम्ही वाकून वास घेतला आणि म्हणाला, गाडीचा दोष. मला कसंतरीच झालं हणमंतराव. ढाल घेतली तेव्हा तो वास तुमच्या हाताचा हुता. आता माझ्या पोरीच्या गाडीला आला तर गाडीचा."

मला अण्णांचा संताप आला, आणि त्याच वेळी त्यांच्याकडं बघवेना. शाळेच्या सुट्टीत चिपळूणला आत्याकडं जायचं म्हणजे अण्णांच्याच गाडीनं. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, खिडकीशी, आईच्या मांडीवर डोकं ठेवून. तो वास मलाही येत असणार. मला तो घाटाचाच वास वाटत असेल.

"भरलेली आसायची गाडी," अण्णा हळूच म्हणाले. "बाजारच्या दिवशी तर हुबं ऱ्हायला जागा न्हाई." आणि ते कठड्यावर बसले. थकलेला माणूस बसतो तसे.

वरून एक ट्रक आला आणि आमच्या बाजूनं कण्हत खाली गेला. त्याचं इंजिन गुरगुरत होतं, म्हणजे तो गिअरमध्ये होता. चौघांनीही कान लावून ते ऐकलं.

शेवटी मीच बोलले. "अण्णा, आपण साधं सांगू या. गाडी परत तपासली, वास आला नाही, पास. नसीमचं काम होईल. बाकीचं कशाला काढायचं?"

"तेवढं मला पुरे आहे," नसीम पण म्हणाली. तिला आता अण्णांचीच दया यायला लागली होती.

"आनि परवा वास कुटनं आला म्हनून कुनी इचारलं तर?" अण्णा म्हणाले. "येकदा गाडीवर ढकललं. आता कुनावर ढकलू? शोरूमवाल्यावर?" ते उठले. टॉवेल घरी राहिला होता, म्हणून खांद्यावरून नुसताच हात फिरवला. "वैजे, कॅमेरा लाव."

मी लावला. कठड्यावर ठेवून दगडाचा टेकू दिला. अण्णा गाडीशेजारी उभे राहिले.

"रामराम मंडळी," त्यांनी नेहमीसारखी सुरुवात केली आणि थांबले. मग पुन्हा बोलू लागले. "मागं म्या ह्या गाडीला नापास केलं. डिकी ल्हान हाय म्हनलो, त्ये खरं. म्हाग हाय म्हनलो, त्ये खरं. मोकळ्या रस्त्याला फायदा न्हाई, त्ये बी खरं. त्यातला शबूद मागं घेत न्हाई. पर मायलेज आनि ब्रेकचा वास, ह्यो गाडीचा दोष न्हवता. म्या उताराला न्यूट्रल टाकत हुतो. ह्या गाडीला न्यूट्रल टाकलं की तिचे हातपाय बांदल्यागत हुतंय. हातपाय म्या बांदलं आनि वर म्हनलो, ही चालत न्हाई."

एवढ्यावर त्यांना थांबता आलं असतं. मी मनात म्हणत होते, अण्णा, बास, आता थांबा. कॅमेरा बंद करायला माझा हात पुढंही झाला होता.

"आनि निस्त्या ह्याच गाडीला न्हाई," ते म्हणाले. "एस.टी.ला बी टाकत हुतो. भरल्या गाडीला. टाकू नका म्हनून साहेब सांगायचे, हितं बोर्ड हाय, सगळं ठावं असून टाकत हुतो. डिझेल वाचवल्याची ढाल हाय माज्या घरात, ती त्याचीच. त्या गाडीत तुमच्यातलं कुनी बसलं आसंल. तुमची आई बसली आसंल, तुमची पोरं बसली आसतील. तुमी डोळं झाकून बसला माज्या भरवशावर. माफ करा म्हनायला बी लाज वाटती, पर म्हनतो. ह्या मानसानं कदी तक्रार केली न्हाई, ह्यो माजा मोटेपना समजत ऱ्हायलो." त्यांनी मास्तरांकडं हात केला. मास्तरांनी तोंड फिरवलं.

मग अण्णांनी बॉनेटवर थाप मारली. हलकीच. "गाडी पास," ते म्हणाले. "डायवर नापास."

तो व्हिडिओ मी एक शब्दही न कापता घातला. पहिल्या व्हिडिओला हसलेल्यांतले निम्मे लोकही त्याकडं फिरकले नाहीत. जे आले त्यांतल्या कित्येकांनी अण्णांना नको नको ते लिहिलं, आणि ते वाचून दाखव म्हणून अण्णा माझ्या मागं लागायचे. काही जुन्या ड्रायव्हरांनी बोलणं टाकलं, कारण आता लोक त्यांच्याकडंही संशयानं बघायला लागले होते. पुरवण्या आणि मोठे चॅनेल हायब्रिडला पूर्वीसारखीच नावं ठेवत राहिले. काही रास्त, काही नुसती एकमेकांचं ऐकून. दवाखान्याच्या डॉक्टरांनी सोमवारी नसीमला बोलावलं. सही करण्याआधी ते स्वतः तिच्या गाडीत बसून घाट उतरून आले. 'घाटपास' मात्र अण्णांनी बंद केलं. नापास ड्रायव्हरनं कुणाला पास करायचं, म्हणाले. ढाल भिंतीवरून काढून कुठं ठेवली ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ते गेले तेव्हा घर आवरताना सगळीकडं शोधली. सापडली नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी अजून निम्मा घाट उतरायचा बाकी होता. ब्रेक गार झाले, आम्ही गाडीत बसलो. नसीम म्हणाली, "मी घेऊ का अण्णा?" अण्णांनी नाही म्हणून मान हलवली आणि स्टिअरिंगवर बसले. पट्टा लावला. गिअर ओढला. रस्ता मोकळा होता, वरून काही येत नव्हतं, खालून काही येत नव्हतं. पण गाडी हलेना. अण्णा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसून राहिले.

"चला ना अण्णा," नसीम म्हणाली.

अण्णा हलले नाहीत. आरशातही बघेनात. मला वाटलं, त्यांना बरं वाटत नाहीये, आणि मी पुढं वाकले. तेवढ्यात शेजारी मास्तरांनी एक मोठा श्वास घेतला. ते अजून बाहेरच बघत होते. बाहेर बघत बघतच त्यांनी हात वर केला आणि बोटातल्या अंगठीनं खिडकीच्या काचेवर दोनदा ठोकलं.

टक, टक.

गाडी निघाली.

दोन वळणं गेल्यावर अण्णांनी घसा साफ केला. "पोफळीला चा घ्यायचा का मास्तर?"

"बघू," मास्तर म्हणाले. "आधी खाली तर न्या. गिअरमध्ये."